कपात खेळाडूंची, सुटका मालकांची

१३ मार्च २०२० रोजी इंग्लंडमधील प्रीमियर लीगचे फुटबॉल सामने थांबविण्यात आले. कोरोनाची साथ झपाट्याने पसरत होती, इस्पितळे भरत चालली होती, दुकाने आणि कारखाने बंद होत होते. अशा वेळी २ एप्रिलला ब्रिटनचे तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक रोजच्या सरकारी पत्रकार परिषदेत उभे राहिले आणि फुटबॉलपटूंनी पगारकपात स्वीकारून आपला वाटा उचलावा, असे त्यांनी सांगितले. हे ऐकून सगळ्यांना बरे वाटले. ज्या खेळाडूंचा सरासरी वार्षिक पगार ३० लाख पौंडांच्या आसपास सांगितला जात होता, त्यांनी अशा काळात चार पैसे सोडावेत यात गैर ते काय?

आम्हालाही त्यात गैर वाटत नाही. ज्याच्याजवळ जास्त आहे त्याने संकटात जास्त द्यावे, हे सांगायला कोणा मंत्र्याची गरज नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. त्या दिवशी मंत्रीमहोदयांना साऱ्या इंग्लंडात श्रीमंत म्हणून फक्त फुटबॉलपटूच दिसले. लंडनमधील बँकवाले आणि दलाल दिसले नाहीत. परदेशी बेटांवर पैसा ठेवणारे उद्योगपती दिसले नाहीत. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे हे खेळाडू ज्या क्लबांत नोकरी करतात, त्या क्लबांचे अब्जाधीश मालकही त्यांना दिसले नाहीत.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. साथ ओसरली, मैदाने पुन्हा भरली. मग हे जुने प्रकरण आता कशाला उकरून काढायचे, असे कोणी विचारील. कारण साथ गेली, पण तिने विचारलेला प्रश्न गेलेला नाही. संकटकाळात श्रीमंतांचे देणे किती, ते कोणी ठरवायचे आणि ते कोणाच्या पदरात पडले पाहिजे, याचे उत्तर आपण त्या वेळी दिले नाही. टाळ्या वाजवल्या, कोणाला शिव्या दिल्या, कोणाचे कौतुक केले आणि पुढे निघून गेलो. पुढचे संकट येईल तेव्हा पुन्हा तेच होऊ नये, म्हणून हे लिहिणे.

प्रथम घडले काय ते पाहू. २० मार्च २०२० रोजी ब्रिटिश सरकारने एक योजना जाहीर केली. काम बंद पडल्यामुळे ज्यांना घरी बसावे लागेल, त्यांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, सरकार देणार होते. अट एवढीच की मालकाने त्यांना नोकरीवरून काढू नये. योजना चांगली होती. सप्टेंबर २०२१ अखेर ती बंद झाली, तोवर १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला आणि सरकारी तिजोरीतून सुमारे ७,००० कोटी पौंड खर्च झाले. हॉटेलातील वाढपी, केशकर्तनालयातील कारागीर, छोट्या दुकानातील नोकर अशांसाठी ती होती.

पण या पंगतीत येऊन बसले कोण? प्रीमियर लीगमधला पहिला क्लब होता न्यूकॅसल युनायटेड. त्याचे तेव्हाचे मालक माइक अॅश्ले हे खेळाच्या साहित्याच्या दुकानांच्या मोठ्या साखळीचे धनी. टाळेबंदी लागताच आपली दुकाने अत्यावश्यक सेवेत मोडतात, असा दावा करून ती उघडी ठेवण्याची खटपट त्यांनी केली होती आणि नंतर माफी मागितली होती. त्यानंतर ३१ मार्चला टॉटनहॅम हॉटस्परने खेळाडू सोडून इतर ५५० कर्मचाऱ्यांच्या पगारात २० टक्के कपात जाहीर केली आणि जिथे जमेल तिथे सरकारी योजनेचा लाभ घेऊ असे सांगितले. याच क्लबच्या २०१८-१९ च्या ताळेबंदात ६ कोटी ८६ लाख पौंडांचा नफा होता आणि त्याच्या अध्यक्षांना त्या वर्षी ७० लाख पौंड मिळाले होते. ४ एप्रिलला लिव्हरपूलने तोच मार्ग धरला. त्यांनी उरलेले २० टक्के स्वतः भरायचे कबूल केले होते हे खरे, पण मोठा भाग सरकारकडूनच घ्यायचा होता. त्यांचा आदल्या वर्षीचा करपूर्व नफा होता ४ कोटी २० लाख पौंड.

लोक खवळले. लिव्हरपूलने दोन दिवसांत, ६ एप्रिलला, माफी मागून निर्णय मागे घेतला. टॉटनहॅमने १३ एप्रिलला मागे घेतला. हा विजय सामान्य प्रेक्षकांचा होता. क्लबच्याच चाहत्यांनी क्लबला जाब विचारला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. आपल्या आवडत्या संघाच्या मालकाला, आपल्या लाडक्या नेत्याला, आपल्या जमातीतल्या धनिकाला असा जाब विचारणे फार कमी लोकांना जमते.

आता ज्या कपातीचा एवढा गाजावाजा झाला तिचा हिशेब मांडू. ३ एप्रिलला प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवले की खेळाडूंच्या वार्षिक मिळकतीपैकी ३० टक्के रक्कम कापावी किंवा पुढे ढकलावी. खेळाडूंच्या संघटनेने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले, की ही रक्कम ५० कोटी पौंडांहून अधिक होते आणि त्यामुळे सरकारचा २० कोटी पौंडांहून अधिक कर बुडेल. या उत्तराची पुष्कळ टिंगल झाली. कोट्यधीश खेळाडू कराची सबब सांगतात, असे म्हटले गेले. पण सबब असली तरी तिच्यातील गणित खोटे नव्हते.

त्या वेळच्या ब्रिटिश नियमांप्रमाणे वर्षाला दीड लाख पौंडांच्या वरच्या पगारावर ४५ टक्के प्राप्तिकर होता. त्यावर नोकराचा विम्याचा हप्ता २ टक्के. शिवाय मालकाला आपल्या खिशातून १३.८ टक्के भरावे लागत. म्हणजे या वरच्या टप्प्यात खेळाडूला १०० पौंड पगार द्यायचा तर मालकाचे सुमारे ११४ खर्च होत, त्यातले सुमारे ६१ सरकारकडे जात आणि खेळाडूच्या हाती ५३ पडत. हे १०० पौंड कापले तर काय होते? खेळाडूचे ५३ जातात, सरकारचे ६१ जातात आणि मालकाचे ११४ वाचतात. मालकाला नफा झालाच, तर त्यावर १९ टक्के कंपनीकर लागेल. तोटा दाखवला तर तोही नाही. ज्या सरकारी तिजोरीतून डॉक्टर आणि परिचारिका यांचे पगार होतात, ती तिजोरी या त्यागाने आणखी रिकामी होते. मग खेळाडूने त्याग केला कोणासाठी? परिचारिकेसाठी केला असे लोकांना वाटते, पण पैसा पडतो मालकाच्या पेटीत. आरोग्यमंत्र्यांना हे कळत नसेल असे मानायला आम्ही तयार नाही.

याच बैठकीत लीगने राष्ट्रीय आरोग्य सेवा आणि गरजू वस्त्या यांच्यासाठी २ कोटी पौंड जाहीर केले. खालच्या श्रेणीच्या क्लबांना १२ कोटी ५० लाख पौंड देणार असेही सांगितले. मथळ्यांत हा मोठेपणा छापून आला. पण ही दुसरी रक्कम आगाऊ उचल होती. पुढे जे द्यायचेच होते ते थोडे आधी दिले. उचल देणाऱ्या मालकाला दाता म्हणण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीच्या मजुरांना ती चांगली ठाऊक आहे.

याचा अर्थ खेळाडू धुतल्या तांदळासारखे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. कराची ढाल पुढे करणाऱ्यांनी स्वतःचा कर नीट भरला पाहिजे. लिओनेल मेस्सी यांना २०१६ साली स्पेनच्या न्यायालयाने करचुकवेगिरीबद्दल २१ महिन्यांची शिक्षा सुनावली. क्रिस्टियानो रोनाल्डो यांनी २०१९ साली गुन्हा कबूल करून १ कोटी ८८ लाख युरोंचा दंड मान्य केला. दोघांनाही प्रत्यक्ष तुरुंगात जावे लागले नाही. आपल्या प्रतिमेचे हक्क परदेशी कंपन्यांच्या नावे करून त्यांचे उत्पन्न करापासून दूर ठेवायचे, ही युक्ती या खेळातील बड्या नावांच्या सल्लागारांना पाठ आहे. तेव्हा खेळाडूंची बाजू घेणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

डोळे उघडे ठेवण्याचे आणखी एक कारण म्हणजे युव्हेंटस. इटलीच्या या नामांकित क्लबने २८ मार्च २०२० रोजी जाहीर केले, की खेळाडू आणि प्रशिक्षक चार महिन्यांच्या पगारावर पाणी सोडत आहेत आणि त्यामुळे क्लबचे ९ कोटी युरो वाचतील. जगभर त्यांची वाहवा झाली. इंग्लंडच्या खेळाडूंना त्यांचा दाखला दिला गेला. पुढे चौकशी झाली. खरे तर एकाच महिन्याचा पगार सोडला होता, उरलेले तीन महिने नंतर चुकते करण्याचे वेगळे करार झाले होते आणि ते हिशेबात दाखवले नव्हते, असा आरोप ठेवण्यात आला. मे २०२३ मध्ये इटलीच्या फुटबॉल न्यायासनापुढे क्लबने तडजोड करून सुमारे ७ लाख १८ हजार युरोंचा दंड भरला. तोपर्यंत २०२० च्या टाळ्या वाजवणारे हात दुसरीकडे गुंतले होते.

कापणे आणि पुढे ढकलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साधे भानही त्या गदारोळात राहिले नाही. पण ढकललेला पगारदेखील चांगल्या कामी येऊ शकतो. त्याचा दाखला लीड्स युनायटेडने दिला. हा क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता, टॉटनहॅमच्या मानाने गरीब. त्याच्या खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी मार्च अखेरीसच आपला पगार पुढे ढकलायला मान्यता दिली, ती खेळाशी संबंध नसलेल्या २७२ कायम कर्मचाऱ्यांचा आणि अनेक हंगामी कामगारांचा पगार व्हावा म्हणून. साउथॅम्प्टनने ९ एप्रिलला तीन महिन्यांसाठी तसेच केले. तिथे संचालकांनी, प्रशिक्षकांनी आणि खेळाडूंनी, तिघांनीही पगाराचा काही भाग मागे ठेवला आणि जूनअखेरपर्यंत एकाही कर्मचाऱ्याचा पगार कमी होणार नाही, सरकारकडेही हात पसरणार नाही, असे सांगितले. बार्सिलोनाच्या खेळाडूंनी ७० टक्के कपात स्वीकारली आणि इतर कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून वर आणखी भर घातली. पैसा कोठून निघाला आणि कोणाच्या हाती पोहोचला, हे या तिन्ही ठिकाणी स्पष्ट होते. आमची कसोटी हीच आहे. त्याग किती टक्क्यांचा, हे नंतर विचारा. तो कोणासाठी, हे आधी विचारा.

हाच प्रश्न विचारल्याबद्दल एका खेळाडूला फार सोसावे लागले. आर्सेनलने २० एप्रिलला साडेबारा टक्के कपातीचा समझोता जाहीर केला. मेसुत ओझिल यांनी त्याला नकार दिला. त्यांचा पगार आठवड्याला साडेतीन लाख पौंड असल्याचे बोलले जाई, त्यामुळे ते एका दिवसात लोभी ठरले. आपल्याला पुरेशी माहिती दिली गेली नाही आणि पैसा कुठे जाणार हे जाणून घ्यायचे होते, असे त्यांनी ऑगस्टमध्ये सांगितले. ओझिल हे नाव आले की आपल्यापैकी अनेकांच्या मनात आपलेपणा जागा होतो. तो बाजूला ठेवा. एवढ्या पगाराच्या माणसाने काहीच न देणे आम्हालाही पटत नाही. पण पुढे काय झाले तेही पाहा. ५ ऑगस्टला आर्सेनलने ५५ कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, याच क्लबने मधल्या फळीतल्या एका खेळाडूसाठी सुमारे साडेचार कोटी पौंड मोजले. खेळाडूंची कपात झाली, कामगारांच्या नोकऱ्याही गेल्या आणि नव्या खरेदीला पैसेही सापडले. मग ओझिल यांचा प्रश्न चुकीचा होता असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

इतर खेळाडूंनी या पेचातून मार्ग काढला. ८ एप्रिल २०२० रोजी लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन याच्या पुढाकाराने प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी आपला निधी उभा केला आणि तो थेट आरोग्य सेवेच्या धर्मादाय संस्थांकडे वळवला. मालकाची पेटी वाटेत आलीच नाही. पगार मिळाला, त्यावर कर गेला आणि उरलेल्यातून दान झाले. मंत्र्यांनी सुचवलेल्या मार्गापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा होता.

त्यानंतर आला मार्कस रॅशफर्ड. मँचेस्टरच्या विदनशॉ भागात वाढलेला, आईने एकटीने वाढवलेला, लहानपणी शाळेतल्या मोफत जेवणावर जगलेला २२ वर्षांचा मुलगा. १५ जून २०२० रोजी त्याने खासदारांना खुले पत्र लिहिले, की उन्हाळ्याच्या सुटीतही गरीब मुलांना जेवण द्या. सरकारने आधी नकार दिला होता. दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेतली आणि १२ कोटी पौंडांची तरतूद केली. सुमारे १३ लाख मुलांना आठवड्याला १५ पौंडांची कुपने सहा आठवडे मिळाली. ऑक्टोबरमध्ये पुढच्या सुट्यांसाठी तीच मागणी आली तेव्हा संसदेने ती ३२२ विरुद्ध २६१ मतांनी फेटाळली. त्याच महिन्यात रॅशफर्डला राजघराण्याचा किताब जाहीर झालेला होता. सन्मान दिला आणि मागणी नाकारली, हा अनुभव आपल्या समाजसुधारकांना नवा नाही. लोकमताच्या रेट्याने नोव्हेंबरमध्ये सरकार पुन्हा नमले आणि १७ कोटी पौंडांची हिवाळी मदत जाहीर झाली.

रॅशफर्डची थोरवी कशात आहे? त्याने स्वतः दिलेच, निधीही जमवला. पण त्याने केलेले मोठे काम म्हणजे सरकारला सरकारचे कर्तव्य करायला लावले. खैरात आणि हक यांतला फरक त्या पोराला कळला होता. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते. आज आहे, उद्या नाही. हक मागता येतो, न मिळाल्यास भांडता येते आणि घेताना मान खाली घालावी लागत नाही.

खैरातीचे दुबळेपण पाहायचे असेल तर चेल्सीकडे पाहा. मार्च २०२० मध्ये या क्लबच्या मैदानालगतचे हॉटेल आरोग्य कर्मचाऱ्यांना राहायला खुले झाले आणि खर्च मालक रोमन अब्रामोविच यांनी उचलला. काम चांगलेच होते, त्या डॉक्टरांना आसरा मिळाला. दोन वर्षांनी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्च २०२२ मध्ये ब्रिटनने याच मालकावर निर्बंध घातले. क्लब अडीचशे कोटी पौंडांना विकला गेला. ही रक्कम युद्धपीडितांना देऊ असे जाहीर झाले आणि मग ती वर्षानुवर्षे गोठवलेल्या खात्यात पडून राहिली. सार्वजनिक आरोग्य एखाद्या धनिकाच्या मर्जीवर आणि त्याच्या ग्रहमानावर उभे करता येत नाही, एवढे तरी यावरून शिकावे.

आता ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले नाही त्यांच्याकडे वळू. खेळाडूंना त्यागाचे धडे देणाऱ्या आरोग्य खात्यानेच त्या काळात मास्क आणि गाउन यांच्या खरेदीसाठी ओळखीपाळखीच्या लोकांची खास रांग लावली होती. मंत्री, खासदार, अधिकारी यांनी नाव सुचवले की अर्ज वेगळ्या टेबलावर जाई. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने या रांगेचा वापर बेकायदा ठरवला. याच रांगेतून आलेल्या एका कंपनीचे गाउन निर्जंतुक असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून तिने सुमारे १२ कोटी २० लाख पौंड परत द्यावेत, असा निकाल ऑक्टोबर २०२५ मध्ये लागला. रॅशफर्डने उन्हाळ्यासाठी मिळवलेल्या १२ कोटींच्या बरोबरीचा हा आकडा आहे. एका बाजूला १३ लाख मुलांचे सहा आठवड्यांचे जेवण, दुसऱ्या बाजूला एका कंपनीचे निकामी गाउन. आणि स्वतः हॅनकॉकसाहेब? आपणच घालून दिलेले अंतराचे नियम मोडल्याबद्दल जून २०२१ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

क्लबमालकांना संकटाने नम्र केले का? जून २०२० मध्ये टॉटनहॅमने ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेच्या योजनेतून १७ कोटी ५० लाख पौंड कर्ज घेतले, व्याज अवघे अर्धा टक्का. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतःची वेगळी लीग काढण्याची घोषणा केली. त्यांत लिव्हरपूल, टॉटनहॅम आणि आर्सेनल यांच्यासह सहा इंग्लिश क्लब होते. छोटे क्लब अडचणीत असताना बड्यांनी आपली वेगळी चूल मांडायला घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये मॅकल्सफील्ड टाऊन हा जुना छोटा क्लब पाच लाख पौंडांहून थोड्या अधिक देण्यापायी कोर्टाने मोडीत काढला होता, एवढ्या रकमेत वर सांगितलेल्या ओझिल यांचा दोन आठवड्यांचाही पगार भागला नसता. पुन्हा प्रेक्षकच रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत इंग्लिश क्लबांनी काढता पाय घेतला.

हे सारे इंग्लंडचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून सुटता येणार नाही. २९ मार्च २०२० रोजी आपल्या केंद्र सरकारने आदेश काढला, की टाळेबंदीच्या काळात सर्व मालकांनी कामगारांना कपात न करता पूर्ण वेतन द्यावे. इंग्लंडमध्ये सरकारने तिजोरी उघडली, इथे फक्त हुकूम निघाला. मालक कोर्टात गेले. १८ मेपासून सरकारने आदेश मागे घेतला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगार यांनी आपसात वाटाघाटी कराव्यात, असे सुचवले. उपाशी कामगार आणि भरल्या पोटाचा मालक यांच्यातली वाटाघाट कशी होते, हे भिवंडी आणि मालेगावच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. यंत्रमाग बंद म्हणजे कापडाच्या मापावर मिळणारी मजुरी बंद.

त्याच दिवसांत दानाच्या बातम्यांनी पाने भरत होती. टाटांचे १,५०० कोटी, अझीम प्रेमजींच्या संस्थांचे १,१२५ कोटी. हे दान मोठे होते आणि त्याबद्दल आदर आहे. पण १० एप्रिल २०२० च्या सरकारी खुलाशातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात पंतप्रधानांच्या नव्या निधीला दिलेली देणगी धरली जाईल, मुख्यमंत्री निधीला दिलेली धरली जाणार नाही. यात महाराष्ट्राचे काय झाले असेल ते समजून घ्यावे. दुसरी गोष्ट चांगली होती. टाळेबंदीत कामगारांना दिलेला पगार हा समाजकार्याचा खर्च मानला जाणार नाही, ते मालकाचे नैतिक कर्तव्यच आहे, असे त्यात म्हटले होते. हे वाक्य कागदावर राहिले ते राहिले.

आणि आपले क्रिकेट? मुंबईत मुख्यालय असलेल्या क्रिकेट नियामक मंडळाने मार्च २०२० मध्ये पंतप्रधानांच्या निधीला ५१ कोटी दिले. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२० मध्ये आयपीएल अमिरातीत नेऊन भरवली. रणजी करंडक मात्र २०२०-२१ च्या हंगामात झालाच नाही, ८७ वर्षांत प्रथमच. सामन्यागणिक मानधनावर घर चालवणाऱ्या राज्य पातळीवरच्या खेळाडूंना निम्म्या मानधनाइतकी भरपाई जाहीर झाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. ५१ कोटींचा धनादेश लिहायला काही दिवस लागले, घरच्या माणसांचा निम्मा हक ठरवायला दीड वर्ष. याला आम्ही दानशूरपणा म्हणणार नाही.

शेवटी एक गोष्ट थेट आपल्याशी. इंग्लंडच्या मालकांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्यात बेकरीवाले आहेत, कारखानदार आहेत, ठेकेदार आहेत, आखातातून पैसा पाठवणारे आहेत, शिक्षणसंस्था चालवणारे आहेत. टाळेबंदीत आपल्या गल्लीत धान्याची पाकिटे वाटली गेली, त्यांची छायाचित्रेही निघाली. काम मोलाचे होते. पण त्याच घरांतून भांडीवालीला, कारखान्यातल्या पोरांना, विनाअनुदान शाळेतल्या शिक्षिकेला त्या महिन्यांचा पगार मिळाला का? पाकिटातले पाच किलो तांदूळ त्या बाईच्या थकलेल्या पगारातूनच आले असतील, तर देणारी तीच ठरते आणि छायाचित्र मात्र आपले निघते. ज्याचे देणे आहे ते आधी चुकवावे, दान त्यानंतर करावे. हा क्रम उलटवणाऱ्याला आपण समाजात मोठा माणूस म्हणणे थांबवले पाहिजे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. संकटात सरकारी मदत घेणाऱ्या धंद्याने मालकाचा लाभांश आणि वरच्यांचे बोनस आधी थांबवावेत. कपात करायचीच असेल तर ती वरून सुरू व्हावी आणि सर्वांत खालच्या पगाराला हात लागू नये. कापलेला पैसा कुठे गेला याचा हिशेब कामगारांसमोर मांडावा. आणि श्रीमंतांचे मुख्य देणे कराच्या रूपाने यावे, कारण कर भरणाऱ्याला फुलांचा हार घालावा लागत नाही आणि घेणाऱ्याला हात जोडावे लागत नाहीत. हे केवळ स्वप्न नाही. त्या वेगळ्या लीगच्या फसलेल्या डावानंतर इंग्लंडमध्ये चौकशी बसली आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभारावर स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. क्लबांच्या पैशाचा व्यवहार आणि मालकाची लायकी तपासण्याचा अधिकार त्याला मिळाला. कायदा कितपत चालतो ते दिसेलच. पण मालकांच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट नियमात आणता येते, एवढे त्याने दाखवले.

पुढच्या संकटात कोणी मंत्री व्यासपीठावर उभा राहून एखाद्या गटाकडे बोट दाखवील आणि यांनी त्याग करावा असे म्हणेल, तेव्हा त्या गटाकडे पाहून चडफडण्याआधी मंत्र्याच्या पाठीमागे कोण उभे आहे ते पाहावे. आणि आपल्या स्वतःच्या पगारवहीतले त्या महिन्याचे पान उघडून पाहावे.